बीजींचं शेंदेलोण

माझ्या वयाच्या बायकांना विचारा, लहानपणी तुम्ही काय जमवायचात? कुणी चिंचोके सांगेल, कुणी बांगड्यांच्या काचा, कुणी मोरपिसं. मी मीठ जमवायचे. हे ऐकून लोक आधी हसतात, मग माझ्याकडे जरा काळजीनं बघतात. पण किराणा दुकानदाराच्या पोरीनं दुसरं काय जमवायचं? कुडव्याला आमचं घर होतं. पुढच्या अंगाला बाबांचं दुकान, मागे अंगण, अंगणाच्या कडेला गाईबैलांचा कोठा, आणि कामठ्याला धानाचं शेत. कुडवा तेव्हा गोंदियाच्या बाहेरचं खेडंच होतं; शहरात जायचं तर बैलगाडीनं, नाही तर आपल्या दोन पायांनी. बाबा बसायचे गल्ल्यावर, पण जीव सगळा शेताकडे, आणि शेतावर गेले की दुकानाची काळजी. त्यामुळे ते कायम कुठल्या तरी एका ठिकाणी नसल्याबद्दल चिडलेले असायचे. माय म्हणायची, "या मानसाचा राग नाकावरच्या माशीसारका आहे, हाकलला तं जाते, पन परत तिथीच येऊन बसते."

मिठाच्या रेल्वेच्या वाघिणी गोंदियाच्या मालधक्क्यावर लागायच्या आणि तिथून पोती बैलगाडीनं आमच्याकडे यायची. पोत्यांना समुद्राचा म्हणून एक वास असायचा. समुद्र मी पुढे खूप वर्षांनी पाहिला, आणि पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की अरे, याला आमच्या दुकानाचा वास येतो. पोतं फोडून मीठ लाकडी कोठीत ओतलं की मी त्यावर ओणवी होऊन बसायचे. राखाडी, ओलसर, खडबडीत ढीग. पण त्यात नीट बघितलं तर फाशासारखे चौकोनी खडे मिळायचे, कडा अशा सरळ की सुताराला जमू नयेत. एखाद्या खड्याच्या मधोमध पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला खळगा असायचा, चिमणीसाठी बांधलेल्या बावडीसारखा. हे कोण करतं, असं मी बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कोनी करत नाई. ते आपलं आपन होते." हे उत्तर मला तेव्हा अजिबात पटलं नव्हतं. आता इतकं वय झाल्यावर वाटतं, की एवढं खरं उत्तर मला नंतर कुणी फारसं दिलं नाही.

पांढऱ्यानं माझं समाधान होईना, तेव्हा मी वरच्या फळीवरच्या बरण्यांकडे वळले. तिथे मोरचूद होतं, मोराच्या गळ्यापेक्षाही निळं. हिरव्या काचेच्या चुऱ्यासारखं हिराकस होतं, तेच चार दिवस उघडं राहिलं की गंजून तपकिरी व्हायचं. तुरटी होती, नवसागर होता, सोरा होता, वासानं नकोसं होणारं पण तोडलं की आत जांभळ्या झाकेचं पादेलोण होतं. पटकीच्या दिवसांत विहिरीत टाकायच्या जांभळ्या दव्याच्या चार काड्या मी मागून घेतल्या होत्या. त्यांच्यावर उजेड पडला की भुंग्याच्या पाठीसारखी चमक यायची. बाबांच्या दृष्टीनं ही सगळी विक्रीची चीज होती, माझ्या दृष्टीनं सगळं मीठच. पुढे शाळेच्या वरच्या वर्गात गेल्यावर कळलं, की रसायनशास्त्राच्या हिशेबानं मीच बरोबर होते. मायला मात्र मोरचुदाची धडकी. "विष आहे ते, कमल. हात धुतल्याबिगर चुलीकडं येशील तं तंगडं मोडीन," असं म्हणून तिनं माझी मोरचुदाची बाटली आढ्याला टांगायला लावली होती. बाकीचा खजिना बिड्यांच्या पत्र्याच्या डब्यात, कापूस घालून ठेवलेला. पेल्यात तुरटीचं दाट पाणी करून त्यात दोरा सोडायचा आणि दोऱ्यावर खडा वाढताना बघत बसायचं, हा माझा सुट्टीचा उद्योग. माय शेजारणींना सांगायची, "लोकाइच्या पोरी सोनं मांगतात. आमची मीठ मांगते. सस्त्यात सुटलो बाप्पा."

आमच्या भागातला पाऊस मिठाचा वैरी. ज्या पावसावर धान पिकतो त्याच पावसात दुकानातली मिठाची कोठी घाम फुटल्यासारखी ओली व्हायची. पोत्यांखाली कोंड्याचा जाड थर घालूनही जमिनीवर पाण्याचे ओघळ यायचे. माझे फाशासारखे खडे आषाढात कडा हरवून बसायचे आणि श्रावणात एकमेकांना चिकटून त्यांचा नुसता गोळा व्हायचा. मी दर वर्षी रडायचे आणि दर वर्षी दिवाळीनंतर नव्यानं सुरुवात करायचे.

अशा या घरात बीजी राहायला आल्या. फाळणीनंतर गोंदियात सिंधी कुटुंबं बरीच येऊन स्थिरावली होती, पंजाबकडची थोडी. बीजी त्या थोड्यांपैकी. दुकानाला लागून आमच्या दोन खोल्या होत्या, त्यांत त्या आणि त्यांचा मुलगा ओमी. ओमी तेव्हा ऐन विशीतला, सायकलवर कापडाचं गाठोडं लादून खेड्यापाड्यांत फिरायचा. तो आईला बीजी म्हणायचा म्हणून आम्हीही बीजी म्हणायला लागलो. माय तर शिष्टाचार म्हणून बीजीबाई म्हणायची. उंच, हाडापेरानं मोठी पण मांस नसलेली बाई. पांढरी ओढणी, मनगटात काचेच्या लाल बांगड्या, कपाळावर कुंकू. सामान म्हणाल तर एक पत्र्याची संदूक, आणि त्या संदुकीत जाड फडक्यात गुंडाळलेला एक खडा.

तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गुडघ्यांवर बसून नाक अगदी त्याच्याजवळ नेलं. नारळाएवढा असेल. पिकलेल्या पेरूचा गर असतो तसा गुलाबी, एका बाजूनं गाजरासारखा गडद होत गेलेला, आणि मधून पाण्यासारखा स्वच्छ पट्टा. बाबा दुकानातून सहज डोकावले आणि व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी म्हणाले, "शेंदेलोण! अव्वल माल आहे जी हा. आता येत नाई इकडं असा."

"माल नहीं है ये, भाईसाब," बीजी म्हणाल्या आणि फडकं परत गुंडाळलं.

पण मला त्या दाखवायच्या. शाळेतून आले की मी दप्तर टाकून थेट त्यांच्या दारात. त्या संदूक उघडायच्या, पणती लावायच्या, आणि खडा पणतीपुढे धरायच्या. "धूप में नहीं, नमक को दीये में देख," असं त्यांनीच मला शिकवलं. आतून सगळा खडा पेटल्यासारखा व्हायचा. मीठ समुद्रातून येतं हे माझं पक्कं ज्ञान; त्या म्हणायच्या, त्यांच्याकडे ते डोंगरातून येतं. "अंदर चलो तो दीवार नमक की, छत नमक की. चलते जाओ, चलते जाओ, ख़त्म नहीं होता." झेलमच्या पलीकडे मिठाच्या खाणीत त्यांचा नवरा मुनशी होता. मी ही गोष्ट शाळेत सांगितली, तर पोरींनी मला थापाडी ठरवलं आणि महिनाभर 'मिठाचा डोंगर' म्हणून चिडवलं. त्या खड्यासाठी मी काय दिलं नसतं! एकदा धीर करून मागितलाही. बीजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मेरा होता तो दे देती, बेटी. ये उसकी अमानत है. आएगा तो उसी से माँग लेना." मी अगदी गंभीरपणे तेव्हापासून त्या माणसाची वाट बघायला लागले.

बीजी मीठ खात नाहीत हे आम्हाला जरा उशिरा कळलं. मायनं एका सणाला त्यांच्याकडे भाजी पाठवली, ती त्यांनी हात जोडून परत केली. खीर मात्र ठेवून घेतली. पुन्हा एकदा वडे पाठवले, तेही परत. माय दुखावली. "आपल्या हातचं चालत नसन तं तसं सांगावं. एका आंगनात राहून असं काऊन?" ती ओमीला दुकानात गाठून म्हणाली. ओमीनं मान खाली घालून सांगितलं. निघायच्या दिवशी गावात गडबड उडाली होती. वडिलांनी या दोघांना गाडीत बसवलं, पाठोपाठ येतो म्हणाले, आणि आलेच नाहीत. ते गेले म्हणूनही कुणी सांगितलं नाही, आहेत म्हणूनही नाही. छावणीत पोचल्यावर बीजींनी सांगून टाकलं, की ते येऊन पानावर बसेपर्यंत मी मीठ खाणार नाही. तेव्हापासून दूध, गूळ, कोरडी रोटी, फळ, अळणी डाळ. मिठाच्या खाणीतल्या मुनशीची बायको, आणि अळणी खाते! मिठाच्या दुकानाला लागून राहते आणि अळणी खाते! मला ते तेव्हा नुसतं अजब वाटलं. माय मात्र ओट्यावरून उठली, आत गेली आणि डोळे पुसून आली.

तेव्हापासून मायनं दोन गोष्टी धरून ठेवल्या. पहिली, कुठलंही हळदीकुंकू असो, बीजींना पहिलं बोलावणं. आळीतल्या बायका कुजबुजायच्या, की इतकी वर्षं झाली, नवरा काय परत येतो, हिला सवाष्ण म्हणून कशी ओवाळायची. माय त्यांना तोंडावर ऐकवायची, "तुमी गेल्ता का पाहाले? नाई ना? मंग गप बसा." बीजी आमच्या घरातून निघाल्या की माय करंडा घेऊन दारापर्यंत जायची आणि त्यांना कुंकू लावल्याशिवाय सोडायची नाही. दुसरी गोष्ट, मीठ खा म्हणून त्यांच्या मागे लागणं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच नाही.

वर्षं गेली तसं बीजींचं शरीर उतरत गेलं. उन्हाळ्यात पायात गोळे यायचे, अंगणात चालता चालता भिंत धरायच्या. एक वर्ष तर मृग लागायच्या आधीच्या उकाड्यात त्या विहिरीपाशी कोसळल्या. डॉक्टरला बोलावलं. त्यानं तपासलं आणि ओमीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की या बाईच्या अंगात मीठच उरलेलं नाही, अशीच राहिली तर पुढचा उन्हाळा बघणार नाही. ओमीनं पाय धरले, बीजी ऐकेनात. मग माय गेली. मी दारात उभी होते, म्हणून मला ते शब्दाशब्दानं आठवतं.

"बीजीबाई, काऊन जिवावर उठल्या तुमी? तुमचा मानूस आला आन तुमीच नसल्या, तं त्यानं कोनाच्या पानावर बसायचं?"

बीजी खाटेवर पडल्या पडल्या हसल्या. "नमक खा लूँगी बहन, तो फिर किसका रास्ता देखूँगी?"

 माय हात चोळत बसली आणि मग उठून आली. ते उत्तर आमच्या घरात बरेच दिवस घुमत राहिलं. जेवताना बाबा मध्येच घास थांबवायचे आणि शेजारच्या भिंतीकडे बघायचे. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच होतं, की ही बाई मीठ खाणार की मरणार.

त्या वर्षीचा पाऊस वाईट होता. म्हणजे धानाला चांगला, बाकी सगळ्याला वाईट. संदुकीतला खडा निथळायला लागला. बीजींच्या देशी हवा कोरडी. तिथे खडा वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो म्हणे. इथे तो दर पावसाळ्यात थोडा ओलसर व्हायचा, पण त्या वर्षी फडकं पिळून काढावं इतकं पाणी. बीजी ते पाणी फेकायच्या नाहीत, वाटीत धरून ठेवायच्या. डॉक्टरनं हालचाल बंद केलेली, तरी सकाळ-संध्याकाळ उठून खडा पुसायच्या. नवरा येईपर्यंत आपण टिकायचं की नाही याची त्यांना फिकीर नव्हती, खडा टिकला पाहिजे होता. मग हा प्रश्न सगळ्या घराचा झाला. मी माझ्या अनुभवाच्या जोरावर सुचवलं की धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, पुरून ठेवा. ठेवला, तर धानालाच ओल आलेली. शेवटी बाबा म्हणाले, "मिठाचं काम मिठवाल्याले सांगा ना. चुलीवर शिंक्यात टांगा. बारा मयने धूर, ओल येईलच कशी?" ते खरं ठरलं. आमच्या चुलीवरच्या शिंक्यात टांगल्यापासून खडा निथळायचा थांबला. फक्त तो काळा होत गेला. महिन्याभरात त्याचं कोळशाच्या ढेकळासारखं रूप झालं. मी चुलीपुढे बसून वर बघायचे आणि मला रडू यायचं.  टिकलाय ना, एवढंच बीजी विचारायच्या.

आता माझ्या नातसुनेच्या टेबलावर गुलाबी मिठाची काचेची चक्की असते. फिरवली की भुरभुर पडतं. कुठल्याही दुकानात पिशवीत मिळतं, आणि डॉक्टरनं मला मीठच कमी करायला सांगितलेलं आहे. मी ती चक्की हातात घेऊन उजेडात धरते, तेव्हा ती पोरगी विचारते, "आजी, काय बघता हो?" काय सांगणार?

तर त्या वर्षी पोळा होऊन गेला आणि एके दिवशी स्वच्छ ऊन पडलं. पुष्कळ दिवसांनी पडलेलं ऊन, त्यामुळे आळीतल्या सगळ्या घरांनी भिजकं जग बाहेर काढलेलं. आमच्या अंगणभर गोधड्या पसरलेल्या. बाबांनी शिंक्यातला खडा उतरवला, म्हणाले, आज याला ऊन दाखवू. अंगणात जागा नाही, म्हणून त्यांनी तो पाटावर घालून कोठ्याच्या बुटक्या भिंतीवर ठेवला. पलीकडे आमची तांबी गाय बांधलेली.

"बाबा, तांबी तोंड लावन," मी म्हटलं.

"ढोर कुठी मिठाचा गोटा खाते का? कोंड्यात जरासं जास्त पडलं तं नाक मुरडते ते," असं म्हणून ते गिऱ्हाईक करायला निघून गेले. त्यांचंही बरोबरच होतं. आमच्याकडे गुरांना मीठ द्यायचं ते पाण्यात विरघळवून, कोंड्यात कालवून. मिठाचा दगड आमच्या गुरांनीच काय, त्यांच्या धन्यांनीही कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर मीठ विकलेल्या माणसालाही ठाऊक नव्हतं, की ढोराची खरी आवड कशात आहे.

मी पायरीवर बसून तुरटीचे खडे पुसत होते. मागून खरखर, खरखर असा आवाज यायला लागला, सुतार रंधा मारतो तसा. आधी लक्ष दिलं नाही. मग वळून बघितलं तर तांबीनं मान भिंतीवर टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि ती तब्येतीत खडा चाटत होती. मी किंचाळले. माय भिजल्या पिठाचे हात घेऊन धावत आली, बाबा दुकान उघडं टाकून आले. बाबांनी दावं ओढलं, तांबी हलेना. एरवी बोटाच्या इशाऱ्यानं सरकणारी गाय, पण चारी खूर रोवून उभी. बाबांनी रागानं काठी उचलली.

"मारना मत!"

बीजी दारात उभ्या होत्या. चौकटीला धरून. मग भिंतीला धरत, गोधड्यांवरून पाय टाकत त्या कोठ्यापर्यंत आल्या. आम्ही तिघंही खाली मान घालून उभे. मला तर पुढचं बघायचंच नव्हतं. इतक्या मुलखातून छातीशी धरून आणलेली वस्तू आमच्या गाईनं खाल्ली होती.

मग हळूच मी वर बघितलं. वरची काजळी सगळी गेली होती. खरखरीत जिभेनं खड्याला एक खोलगट, गुळगुळीत वळण दिलं होतं, जसा पाण्यानं दगड घासावा तसं, आणि त्या वळणातून ऊन थेट आरपार जात होतं. तो गुलाबी रंग मी पणतीपुढेही तसा कधी पाहिला नव्हता. बीजींनी तांबीच्या मानेवर हात ठेवला. तांबी चाटतच राहिली.

"ऐसे ही होता था," त्या म्हणाल्या. "बिल्कुल ऐसे ही."

मग त्या बोलत गेल्या, आमच्याकडे न बघता, गाईकडे बघत. त्यांच्या घरी प्रत्येक गव्हाणीत असा एक खडा असायचा. नवरा खाणीतून आणायचा. म्हशी चाटून चाटून त्याला भोक पाडायच्या, आणि लहानगा ओमी त्या भोकातून बघत बसायचा. निघायच्या दिवशी सकाळीसुद्धा तो नवा खडा घेऊन आला होता. "भैंस के लिए लाया था. मुझे नहीं दिया था, बहन. अमानत-वमानत कुछ नहीं थी. खुरली में डालने जा रहा था कि बाहर शोर हुआ. उसने ज़मीन पर रखा, मैंने उठा लिया. घबराहट में पता भी नहीं चला क्या उठाया." त्यांनी तांबीची मान थोपटली. "इतने बरस भैंस का निवाला संदूक में रखकर बैठी रही."

"बीजी, माही चूक झाली जी," बाबा म्हणाले. बाबांच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"ग़लती नहीं है, भाईसाब. इसे यहीं बाँध दो. इसी का है."

बाबांनी सुंभ आणला आणि खडा गव्हाणीवर बांधला. मी मोठ्यानं रडायला लागले. सगळ्यांना वाटलं मी बीजींसाठी रडते आहे. मी खड्यासाठी रडत होते. इतका सुंदर खडा, आणि तो रोज थोडा थोडा गाईच्या पोटात जाणार! तो दिवाळीच्या आत संपलाही. बीजी मात्र ऊन सरकेपर्यंत तिथेच, गव्हाणीच्या कट्ट्यावर बसून राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात, पाऊस थांबला म्हणावं तशा, म्हणाल्या, "वो अब नहीं आएगा."

"असं नका बोलू बीजीबाई," माय म्हणाली.

"भूख लगी है. क्या बनाया है आज?"

भात होता, लाखोरीच्या डाळीचं वरण होतं, अंबाडीची भाजी होती. माय लगबगीनं म्हणाली, "थांबा, तुमच्यासाठी अळणी बाजूले काढून देतो..."

"नहीं. जो है, वही दो."

मायला कळायला क्षणभर लागला. मग तिचा चेहराच बदलला. किती वर्षं ती या एका वाक्यासाठी देव पाण्यात घालून बसली होती, आणि आता ते कानावर पडल्यावर तिनं पान आधी उलटं मांडलं, मग सरळ केलं. बीजी आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या. पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे गच्च मिटले. सगळा चेहरा आवळला गेला. "बहुत खारा है," त्या म्हणाल्या. मायच्या हातचं मीठ तोलून मापून असायचं. पण इतक्या वर्षांनी जिभेवर आलेलं मीठ कितीही कमी असलं तरी जास्तच असणार. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ओढणीनं नाक पुसत, न थांबता, त्यांनी पानातला शीत न् शीत संपवला आणि आणखी वरण मागून घेतलं.

जायला निघाल्या तशी माय सवयीनं करंडा घेऊन दारापर्यंत गेली. बोट कुंकवात बुडवून तिनं हात वर केला. बीजींनी तो हात हळूच धरून खाली केला. "अब नहीं, बहन." आणि त्या आपल्या खोलीकडे गेल्या, आल्या होत्या त्यापेक्षा जरा सरळ चालत. माय तिथेच उंबऱ्यात बसली. बोटाला कुंकू तसंच. मी जवळ गेले तर म्हणाली, "मीच माघं लागली होती ना वो, मीठ खा म्हनून. मले काय माईत, मी तिले काय मांगून राहिली होती ते."

त्या दिवशी दिवे लागले तेव्हा मायनं आमची पानं मांडली. भात, वरण. मी घास घेतला आणि तिच्याकडे बघितलं. कशातच मीठ नव्हतं. आमच्या घरी सुतकात फोडणी बंद, मीठ बंद. मी तोंड उघडणार तोवर बाबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. आम्ही कुणी त्या माणसाला पाहिलं नव्हतं. दिसायचा कसा, हसायचा कसा, आम्हाला काही ठाऊक नव्हतं. गव्हाणीत टाकायला त्यानं एक खडा आणला होता, एवढंच ठाऊक. बाबांनी तो अळणी भात नीट कालवला, शेवटपर्यंत खाल्ला, आणि पान पुढे सरकवून म्हणाले, "वाढ अजून थोडा."